गुळातला हात

बाळाक्का माणसाचा चेहरा नंतर बघायची, आधी हात बघायची. आमची पहिली भेट झाली तेव्हा मी एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात वळकटी घेऊन टांग्यातून उतरत होते. ती दुकानातून उठून पुढं आली. मला वाटलं, सामान धरेल. तिनं मला ट्रंक खाली ठेवायला लावली, माझा उजवा हात उलटा करून बोटं दाबून पाहिली आणि ओटीवर बसलेल्या गिऱ्हाइकाला मोठ्यानं सांगितलं, "खडूचा हात हाय. ह्या हातानं जन्मात एक काडी तोडलेली न्हाई." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "या मास्तरीणबाई, वर चला. जिन्याची मधली पायरी मोडकी हाय, जपून." सामान मीच वर नेलं.

संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची नोकरी मिळाली म्हणून मी साताऱ्याहून कोल्हापुरात आले होते आणि गंगावेशीजवळच्या एका बोळात तिच्या घराची माडी भाड्यानं घेतली होती. खाली तिचं दुकान. दुकान म्हणजे एक ओटी, बाभळीच्या लाकडांचा ढीग आणि त्या ढिगात कासोटा घालून बसलेली बाळाक्का. अंगानं उंच, आवाज घोगरा, दातांना मिश्री आणि केसांत कायम लाकडाचा भुसा. तिचा नवरा सुतार होता, गाड्यांची चाकं करायचा. तो गेल्यावर तिनं चाकांचं काम सोडलं आणि मुठी तेवढ्या ठेवल्या. कोयता, विळा, खुरपं, रानात न्यायची सुरी, ज्याला म्हणून पातं असेल त्याला ती मूठ बसवायची. पातं लोहारानं घडवायचं, त्यात ती लक्ष घालत नसे. म्हणायची, "पातं उसासाठी असतंय. मूठ माणसासाठी असती."

कोल्हापुरातल्या पुष्कळ बायकांसारखी ती 'मी जातो', 'मी करतो' असंच बोलायची आणि तिच्या तोंडी ते शोभायचंही. नम्रपणा तिला ठाऊक नव्हता. "माझ्या मुठीनं कुणाच्या हाताला फोड आला तर त्यानं माझ्या तोंडात माती घालावी," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पहाटेपासून तिची कानस लाकडावर करकरायला लागे. एकदा वैतागून मी खाली गेले आणि म्हटलं, "बाळाक्का, रविवारी तरी जरा उशिरा सुरू करा." ती कानस न थांबवता म्हणाली, "ही वाजायची थांबली की समजा म्हातारी मेली. मग निवांत झोपा." त्यानंतर मी कानाला खडा लावला आणि त्या करकरीवर चहा ठेवायची सवय करून घेतली.

तिची मूठ घ्यायची रीत मात्र मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. हाताचा ठसा ती गुळात घ्यायची. ढेपेतला गूळ फोडून मंद आचेवर मऊ करायचा, गोळा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "आवळ मर्दा!" गूळ गार होऊन घट्ट झाला की त्यात बोटांच्या खाचा, तळव्याचा फुगीरपणा, अंगठ्याची जागा, सगळं उमटलेलं असायचं. ते समोर ठेवून ती लाकूड कोरत बसे. मी एकदा म्हटलं, आमच्या शाळेत शाडू आहे, फुकट आणून देते. तिनं नाक मुरडलं. "माती माणूस भीत भीत धरतंय. गूळ म्हटलं की मूठ आपोआप आवळती." मूठ तयार झाली की तो गुळाचा हात गिऱ्हाइकाला परत मिळायचा आणि घरी गेल्यावर पोरं तो खाऊन टाकायची. तोवर तो पाण्यानं भरलेल्या परातीत, पालथ्या वाटीवर ठेवलेला असायचा, मुंग्या लागू नयेत म्हणून. परात पिण्याच्या पाण्याच्या माठाशेजारी असे. हे लक्षात असू द्या, कारण पुढं सगळा घोटाळा तिथंच झाला.

रस्त्यानं जाणाऱ्या माणसाच्या हातातलं हत्यार काढून घ्यायची तिला खोड होती. एकदा गवताचा भारा घेऊन एक पोरसवदा सून चालली होती. कमरेला खुरपं खोचलेलं. बाळाक्कानं ते उपसून घेतलं आणि विचारलं, "ह्ये कुणाच्या हाताचं गं?"

"सासऱ्याचं हाय."

"सासरा खुरपतोय का?"

"न्हाई. मीच खुरपतो."

बाळाक्कानं तिच्या तळहातावरचे फोड पाहिले आणि तिला तिथंच बसवून घेतलं. जाडजूड मूठ काढून टाकली आणि तिच्या लहानशा हाताला बसेल अशी बारीक, मधे किंचित पोट असलेली मूठ घातली. दुसऱ्या दिवशी तिची सासू तणतणत आली. "ह्ये काय करून ठेवलंसा? घरात आता कुणाच्याच हाताला बसंना ते. म्हंजे खुरपं तिचंच झालं की!"

"व्हय," बाळाक्का म्हणाली. "त्येवढं तरी तिचं असू दे."

सासूनं खुरपं उलटसुलट करून पाहिलं. मग ती ओटीवर टेकली आणि आपलाही हात पुढं केला. त्या दिवशी बाळाक्कानं संध्याकाळपर्यंत ही हकीकत निदान दहा जणांना सांगितली आणि दर वेळी सासू जास्त जास्त तणतणत आली.

तिच्या ओटीवर रोज येऊन बसणारे एक सुभेदार होते. लढाईवरून परतलेले, मिशा राखून असलेले, शिकारीचे शौकीन. दाजीपूरच्या जंगलात न्यायच्या सुरीला त्यांना सांबरशिंगाची मूठ हवी होती. शिंग ते घेऊनच आले होते. बाळाक्का म्हणाली, "शिंग भिताडाला लावा. हात वला झाला की ते निसटतंय." सुभेदार म्हणाले, "बाई, मी ब्रह्मदेश पाहिलाय." ती म्हणाली, "मी तुमचा हात बघितलाय." वाद आठवडाभर चालला, आणि दोघांनाही त्यात इतकी गोडी लागली की तो मिटू नये असंच आम्हा शेजाऱ्यांना वाटायचं. शेवटी धरायला बाभूळ आणि टोकाला दिसायला शिंग, अशी सुरी झाली. सुभेदार म्हणायचे, मी जिंकलो. बाळाक्का म्हणायची, मी जिंकलो. तेव्हापासून सुभेदारांचा सकाळचा चहा तिच्याकडंच ठरून गेला.

अशा बाईला कुणी हरवलेलं मी पाहिलं नाही. पण ती एकदा हरायच्या अगदी काठावर आली होती, ते सांगायचं आहे.

पावसाळा सरत आला होता. उचगावचा शिरपा म्हणून एक गडी आला आणि उजवा हात काखेत लपवून ओटीवर बसला. बाळाक्काला हात न दाखवणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहत होते. तिनं तो ओढूनच बाहेर काढला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. गेल्या हंगामात गुऱ्हाळावर चरकात ऊस घालताना दोन्ही गेली होती. जखम भरली होती, पण कोयता हातात ठरत नव्हता. शिरपा ऊसतोडीत सगळ्यांच्या पुढं असणारा गडी. बरा झाल्यावर त्यानं एकदा कोयता मारून पाहिला, तर तो हातातून उडाला आणि बैलाच्या पायाशी जाऊन पडला. त्या दिवसापासून त्याच्या थोरल्या भावानं, दौलूनं, कोयता माळ्यावर टाकला होता. यंदा शिरपानं गुऱ्हाळावर बसून भट्टीच्या चुलवाणात उसाचं वाळलेलं पाचट सारायचं, असं ठरलं होतं.

"भाऊ वाईट न्हाई आक्का," शिरपा म्हणाला. "जेवायला बसवतोय, आग्रह करतोय. पण ताट म्होरं आलं की मला ह्यो हातच दिसतोय. घास उतरत न्हाई."

बाळाक्कानं त्याची उरलेली तीन बोटं एकेक करून दाबून पाहिली. मग उठून ओटीच्या कडेला गेली आणि अख्ख्या बोळाला ऐकू जाईल अशी ओरडली, "ऐका रं! दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उचगावात पयली तोड हाय. शिरपा म्होरं असंल. न्हाई झाला तर ह्या दुकानाला कुलूप घालतो!"

सुभेदारांनी चहाचा कप खाली ठेवला. "बाई, जरा विचार करून बोलत जा."

"विचार कराय तुमी हाय की."

तिनं गूळ तापवला, शिरपाला ओटीवर बसवून त्याच्या तीन बोटांची मूठ घेतली आणि परातीत ठेवली. तिसऱ्या प्रहरी तो गेला तेव्हा चालण्यात फरक पडला होता.

दोनतीन दिवसांनी रविवार होता. मी खाली ओटीवर बसून मुलींच्या वह्या तपासत होते, सुभेदार चहा पीत होते. बाजाराला आलेली एक बैलगाडी बोळाच्या तोंडाशी थांबली आणि तीतून एक धिप्पाड माणूस उतरून तरातरा आला. तो दौलू होता. उभ्याउभ्याच म्हणाला, "आक्का, माझ्या भावाला नादाला लावू नगासा."

"पावणं, आधी बसा."

"बसाय आलो न्हाई. कोयता उडून उद्या कुणाचं पोटबीट फाटलं तर? पोलिसात कोण जाणार, तुमी?"

"मी जातो की! कशी उडती माझी मूठ, बघतोच!"

आवाज चढत गेले. पण घरी आलेल्या माणसाला गूळपाणी दिल्याशिवाय भांडायचंसुद्धा नाही, ही कोल्हापूरची रीत तिच्या हाडात होती. भांडता भांडताच ती माठाकडं वळली, तांब्या भरला, मागं न बघता हात घातला, गूळ मोडला आणि दौलूच्या हातावर आपटला. त्यानंही रागारागानं तो तोंडात टाकला, वर पाणी प्यायला आणि पुन्हा भांडायला तोंड उघडलं.

"आक्का," सुभेदार हळूच म्हणाले, "परातीत बघा."

पालथ्या वाटीवर तळव्याचा एक तुकडा उरला होता. बोटं गेली होती. भांडण अर्धवट सोडून बाळाक्का परातीपुढं उकिडवी बसली. ती अशी मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

"काय झालं?" दौलूनं विचारलं.

"शिरपाचा हात हुता त्यो," ती म्हणाली. "तुमी खाल्लासा."

दौलूला आधी कळेना. सुभेदारांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. तेव्हा तो धिप्पाड माणूस ओटीवर बसला आणि तोंडावर उपरणं धरून रडायला लागला. चरकाचं इंजिन त्या दिवशी तोच चालवत होता. शिरपा ओरडला तेव्हा त्यानं इंजिन बंद केलं, पण बोटं वाचली नाहीत. "लोकं म्हणत्यात, तू हुतास म्हणून हात तरी राहिला. पण मला रोज त्यो चरक दिसतोय. आता कोयत्यानं काय झालं तर मी कुणाकडं बघू?"

मला वाटलं, आता बाळाक्का माघार घेईल. दसरा तोंडावर आला होता आणि कोरायला समोर नमुनाच नव्हता. तिनं पदरानं हात पुसले. "दौलू, भावाचा हात तुझ्या पोटात गेलाय. आता तुला बी माघार न्हाई आणि मला बी न्हाई. गाडी कुठाय तुझी?" आणि मला म्हणाली, "चला मास्तरीणबाई, वह्या काय पळून जात न्हाईत." गुळाची ढेप, शेगडी, लाकूड तासायची वाकस, असं सगळं गाडीत चढलं आणि पाठोपाठ मीही चढले. तिला नाही म्हणायची सवय त्या बोळात कुणालाच नव्हती.

उचगावच्या रानात पोहोचलो. बांधावर तिनं गूळ तापवला. पण या वेळी गोळा हातात दिला नाही. एका काठीभोवती गूळ जाड थापला, वर ओलं फडकं गुंडाळलं आणि शिरपाला म्हणाली, "उभा ऱ्हा. त्या झुडपाला ऊस समज आणि हाण." शिरपा हाणत राहिला, गूळ गार होईपर्यंत हाणत राहिला. फडकं सोडलं तेव्हा आतला ठसा पाहून बाळाक्का बांधावरच फतकल मारून बसली. तो पहिल्या ठशासारखा नव्हताच. बसलेल्या शिरपाचा अंगठा बोटांवर मिटला होता. वार करणाऱ्या शिरपाचा अंगठा वर सरकून काठीला नसलेल्या पात्याच्या पाठीला टेकू बघत होता आणि सगळा जोर तळव्याच्या खालच्या कडेवर येत होता, जिथं बोटंच नव्हती. पहिल्या ठशावरून मूठ केली असती तर कोयता पुन्हा उडालाच असता.

"दौलू," ती म्हणाली, "बरं झालं तू खाल्लास. बसलेल्या हाताची मूठ बसलेल्या माणसाला. ही हलत्या हाताची हाय."

दुकानात परत येऊन तिनं बाभळीची मूठ कोरली ती अशी. वर अंगठ्याला टेकण. मधे दोन बोटांना खाचा. आणि खाली, जिथं शिरपाची बोटं नव्हती, तिथं लाकडालाच गोल फुगीर अंग ठेवलं, म्हणजे ते तळव्यात रुतून बसावं. टोकाला आकडी काढली आणि पायताणं करणाऱ्या शेजाऱ्याकडून मनगटात अडकवायला मऊ कातड्याचा पट्टा लावून घेतला. मी पाहत होते. शाळेत मी मुलींना रिकाम्या जागेचंही चित्र असतं असं शिकवायचे, पण ती रिकामी जागा अशी भरलेली मला तोवर ठाऊक नव्हती.

दौलूनं माळ्यावरून काढून दिलेल्या कोयत्याच्या पात्यावर मूठ बसली ती नेमकी खंडेनवमीला सकाळी. शिरपा कोयता घ्यायला आला, त्याचे डोळे चमकत होते. "आक्का, एक वार मारून बघू?" बाळाक्कालाही तेच हवं होतं, मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण नवमीला हत्यार चालवत नाहीत, ते देवापुढं ठेवतात. तिनं कोयत्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि म्हणाली, "आज त्यो देव हाय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कोयता हुईल." म्हणजे मूठ न अजमावताच सगळ्या गावासमोर जायची होती. त्या रात्री आणि पुढच्याही रात्री खालून तिच्या खोकण्याचा आवाज येत राहिला. दिवसभर कानस मात्र वाजली नाही.

तोडीच्या दिवशी उसाच्या फडाशी सगळं उचगाव जमलं होतं. सुभेदार कडक इस्त्रीचे कपडे घालून आले होते. दौलूनं बैल लांब नेऊन बांधले होते, लहान पोरांना मागं हाकललं होतं, आणि स्वतः मात्र शिरपाच्या शेजारच्या सरीत कोयता घेऊन उभा होता. उडालाच तर आपल्या अंगावर येऊ दे, असं त्यानं मनाशी ठरवलं असावं. बाळाक्कानं माझा हात धरला होता आणि इतका आवळला होता की खडूचा हात मोडतोय असं मला वाटलं.

शिरपा वाकला. डाव्या हातानं ऊस धरला. कोयता वर गेला आणि खाली आला. ऊस पडला. कोयता हातात होता. दुसरा ऊस, तिसरा. मग कोयत्याचा आवाज सलग यायला लागला आणि शिरपा फडात शिरत गेला. लोक ओरडत होते. दौलूही तोडत होता, पण त्याचं लक्ष सारखं शेजारी जात होतं आणि तो मागं पडत होता. मधेच तो थांबला, कमरेवर हात ठेवून पुढं गेलेल्या भावाकडं पाहायला लागला आणि मोठमोठ्यानं हसायला लागला. सरीच्या शेवटाला पोचून शिरपा वळला तेव्हा त्याच्या पुढं कुणी नव्हतं. त्यानं कोयता धरलेला हात उंच केला. तोच हात, जो काखेत लपवून तो ओटीवर आला होता.

बाळाक्का माझा हात सोडून फडात धावली. साठीच्या घरातली बाई, कासोटा आवळून, पाचटातून धावत. शिरपा तिच्या पाया पडायला वाकला तर तिनं त्याला वाकू दिलं नाही. तिनं आधी त्याचा तळहात उलटा करून पाहिला. मग सगळ्यांना दाखवला. "फोड हाय का बघा! एक तरी फोड दाखवा!" आणि मग ती रडली, अगदी उघडपणे, आणि रडत असतानाच सुभेदारांना म्हणाली, "कुलूप आणलं असंल तर घरी घेऊन जावा."

दौलू पुढं आला. घामानं डबडबलेला हात पुढं करून म्हणाला, "आक्का, माझी बी मूठ घ्या."

त्यानंतर तिनं एकही ठसा बसलेल्या माणसाचा घेतला नाही. प्रत्येकाला बोळात उभं करून काठी मारायला लावायची. येणाऱ्या-जाणाऱ्यांची त्रेधा उडायची. आणि दौलूला तो गूळ तिनं मुद्दामच खायला घातला होता, असं ती पुढं सगळ्यांना सांगू लागली. सुभेदार आणि मी साक्षीला असूनही तिनं ते इतक्या ठासून सांगितलं की काही वर्षांनी सुभेदारही मान हलवायला लागले.

उचगावकडून मात्र दर वर्षी एक पुडकं यायचं. हंगामातल्या पहिल्या काहिलीचा, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईतला, गूळ गरम असतानाच शिरपा आपल्या मुठीत आवळायचा, अंगठा आणि दोन बोटं, आणि तो गोळा तसाच बाळाक्काला पाठवायचा. ती तो परातीत, पालथ्या वाटीवर ठेवायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधी दाखवायची. मग त्यातलाच तुकडा मोडून गूळपाणी द्यायची.

पन्नासचं दशक संपत आलं तेव्हा माझी बदली झाली. निघायच्या सकाळी टांगा बोळाच्या तोंडाशी उभा होता. पहाटेपासून कानस चालू होती. मी ट्रंक आणि वळकटी घेऊन खाली उतरले, मधली पायरी अजून मोडकीच होती. कानस थांबली. बाळाक्का उठून आली, माझा उजवा हात उलटा केला आणि बोटं दाबून पाहिली. "अजून खडूचाच हाय," ती म्हणाली. मला वाटलं, आता ती काहीतरी निरोपाचं बोलेल. ती परातीकडं गेली. उचगावचं पुडकं दोनच दिवसांपूर्वी आलं होतं. तिनं गोळा मोडला, तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि तांब्या पुढं केला.

"खावा मास्तरीणबाई," ती म्हणाली. "शिरपाचा अंगठा हाय. हातात जोर येतोय."

मी खाल्ला. टांगा वळला तेव्हा मागं बघितलं, तर ती ओटीवर बसून कुणाला तरी ओरडत होती, "उभा ऱ्हा मर्दा, आणि हाण!"